खंड्याची चौकट

४ जुलै

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझी फळी कधीचीच येऊन पडली आहे, पण आधी मला खोकला झाला. खोकला गेला तर करवतीची धार गेली. धारवाला दारात आला तेव्हा मी नेमका दवाखान्यात. तुझी मामी म्हणते, तुम्ही कामाला लागू नये म्हणून सगळ्या जगाने कट केलाय. तिला थट्टा सुचते.

फळीवर तुझा खंड्या चांगला उतरलाय. निळा रंग इतका ओला वाटला की मी बोट लावून पाहिलं, आणि मग डाग पडला की काय म्हणून घाबरलो. भिंगातून पाहिलं, मामीलाही दाखवलं. ती म्हणाली नाही पडला, पण तिचा चष्मा जुना आहे. तुला दिसला तर मोकळेपणी सांग. चोच जरा लांब झाली का गं? आमच्या पुलाखाली एक बसायचा त्याची मला आखूड आठवते. पण मी चौथी शिकलेला माणूस, तुझंच बरोबर असेल.

फळी वर्तमानपत्रात का गुंडाळलीस? छपाईची शाई रंगाला लागली असती तर? पुढच्या वेळी जुनी चादर घे. चौकटीला मी कपाटाच्या जुन्या दाराचं लाकूड काढलंय. ते मुरलेलं आहे, आता दगा द्यायचं नाही. मागच्या कोपऱ्यात नेहमीसारख्या माझ्या दोन खुणा करीन. पुढे तुझं नाव, मागे माझ्या खुणा, असंच आपलं ठरलेलं आहे.

काही सांगायचं असेल तर लिही. फोन करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने जोडतो, त्यातूनच गेल्या खेपेला आपलं भांडण झालं.

तुझा मामा


१३ जुलै

ती. मामांस,
सा. नमस्कार.

डाग पडलेला नाही. चोच लांब नाही, खंड्याची तेवढीच असते. खोकल्याला गरम पाणी प्या आणि लाकूड कापताना तोंडाला फडकं बांधा, म्हणजे भुसा आत जाणार नाही. मामी सांगते तेव्हा ऐकत नाही, निदान माझं ऐका.

आता एक सांगते, ते ऐकून लगेच रंधा फेकू नका. हा खंड्या ज्या दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी आहे, त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत आपला पहिला बुलबुल लावलेला आहे. दार लागलं की तो खडखड वाजतो. दिवसभर माणसं येतात-जातात, दिवसभर खडखड. परवा मी गेले तेव्हा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमचा बुलबुल सैल दातासारखा हलतोय. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यांना वाटतं आतही असंच चालतं." बाकावर बसलेली माणसं गाल धरून हसली. मीही हसले, काय करणार? पण कान तापले.

कोपऱ्यावरच्या दुकानात सोनेरी पट्टीच्या फ्रेमा मिळतात, बाईंनी त्याचंही नाव काढलं. मी म्हटलं, माझ्या पक्ष्यांना चौकट मामांचीच असते. ते त्यांनी ऐकलं. पण ह्या वेळी वाजता कामा नये. काय करायचं ते तुम्हाला माहीत. परत वाजलं तर मला तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तुमची
भाची


५ ऑगस्ट

चि. भाचीस,
आशीर्वाद.

वाजतं! माझी चौकट वाजते!

फळीला खाचेत हलायला जरा जागा ठेवावी लागते, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नसेल. त्यांनी दात उपटावेत. पण तुला ठाऊक आहे. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. जागा नसेल तर ते स्वतःलाच फाडून घेतं. सुटीत माझ्या कारखान्यात यायचीस तेव्हा फूटपट्टीने बोटं लाल करून मी तुला हे शिकवलं. तू रडलीस, तुझ्या आईने मला शिव्या दिल्या, पण तू शिकलीस. त्या बाकावरच्या माणसांना हे सांगायला तुला तोंड नव्हतं?

तू हसलीस. बाई बोलली त्याचं मला काही नाही, तिचा माझा काय संबंध? पण तू हसलीस आणि वर मला लिहून कळवलंस.

बरं. वाजता कामा नये ना? नाही वाजणार. चौकट आजच पाठवली, तीही चादरीत गुंडाळून. हलवून बघ, दार आपटून बघ. घरातली सगळी दारं आपट. डॉक्टरीणबाईंना म्हणावं, हा दात उपटायला याल तर तुमची पकड मोडेल.

मिळाल्याचं कळव. पार्सलवाल्याने खोका उलटा धरला होता, मी ओरडलो तरी त्याने ऐकलं नाही. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

तुझा मामा

ता. क. हे रागावलेत. पण जेवले. - मामी


१९ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. नमस्कार.

चौकट सुखरूप पोचली. मी खरंच दार आपटून पाहिलं, शेजारी बघायला आले. हूं नाही की चूं नाही. चारही कोपऱ्यांचे सांधे इतके बेमालूम आहेत की नखाला लागत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी स्वतः भिंतीवर लावून घेतली आणि म्हणाल्या, "आता कसं पक्कं बसलं!"

हसले त्याबद्दल माफ करा. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

तुमची
भाची


८ डिसेंबर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ऑगस्टनंतर तुझी एकही फळी आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. तू आजारी आहेस का? हात दुखतो का? चित्रं काढणाऱ्यांचा खांदा धरतो असं ऐकलंय. की माझी पत्रं तुला मिळतच नाहीत? टपालवाला नवीन आहे आणि मला तो आवडत नाही.

खोकला बरा आहे. करवतीला धार आहे. कपाटाचं दुसरं दारही मी काढून ठेवलंय. त्यामुळे कपाट उघडं पडलंय आणि मामी रोज त्याच्यासमोर उभी राहून मला ऐकू जाईल असा उसासा टाकते. तेव्हा काम पाठव. घुबड पाठव, साळुंकी पाठव, काहीही पाठव.

खंड्या कसा आहे? तिकडे आता हवा कोरडी झाली असेल. बाईंच्या खोलीत कोरडं असतं का? हे मी सहज विचारतोय. उलट टपाली लिही.

तुझा मामा


२० डिसेंबर

ती. मामांस,
सा. नमस्कार.

इकडे सगळं छान आहे. काळजीचं काही कारण नाही. सध्या काम थोडं कमी आहे, म्हणून फळ्या पाठवल्या नाहीत. खंड्या सगळ्यांना आवडतो. तुमच्या हातात सोनं आहे मामा, तुम्ही आजवर खूप केलंत. आता थंडीत लाकडाशी झटू नका. उन्हात बसा, आराम करा. तब्येतीला जपा.

तुमची लाडकी
भाची


१७ जानेवारी

भाचीस,

सोनं! आराम! लाडकी! मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. जन्मात कधी तू माझ्याशी गोड बोलली नाहीस. तुझ्या आईच्या लग्नातल्या फोटोत मी वाकडा उभा आहे, हेसुद्धा तू मला वाढदिवसाच्या पत्रात लिहिलं होतंस. तुझं गोड पत्र वाचून मी मूर्ख दोन दिवस खुशीत होतो. मामीने मोठ्याने वाचून दाखवा म्हटलं, तर दाखवलंही.

आमची सूनबाई गेल्या आठवड्यात कामासाठी तुमच्याकडे येऊन राहिली. परत आल्यावर चहा घेताना मला म्हणते, "बाबा, ताईंनी तुमच्या चौकटीचा किती छान उपयोग केलाय! गॅलरीत खिळ्याला टांगलीय आणि तिच्यावर हातरुमाल वाळत घालतात." मी म्हटलं, कुठली चौकट? तर म्हणते, "मागे कोपऱ्यात तुमच्या दोन खुणा आहेत ना, तीच. गडद लाकडाची, मोठी." बिचारीच्या मनात काही नव्हतं. तिला वाटलं मला आनंद होईल.

कपाटाचं दार मोडून केलेली माझी चौकट, आणि तिच्यावर हातरुमाल! म्हणजे बाईंना सोनेरी पट्टीच हवी होती, आणि तू दिलीस. सर्कशीतल्या घोड्याला घालतात तसला झगमगाट माझ्या खंड्याच्या गळ्यात घातलास. आणि म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून त्याला चार साखरेच्या ओळी पाठवल्यास. मला तोंडावर सांगितलं असतंस की मामा, तुमचं काम आता कुणाला नको, तर मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि नंतर पुढच्या फळीची वाट पाहिली असती. पण तू मला फसवलंस.

तुझ्या आईला मी सगळं फोनवर सांगितलं. ती काय म्हणाली ते मला अर्धंच ऐकू आलं, पण तीही चिडलेली वाटली. चौकट परत पाठव. नसेल पाठवायची तर चुलीत घाल. तुझे पक्षी मी आता बघणारही नाही. हत्यारं विकायला काढली आहेत. काल एकाने येऊन रंधा हातात घेतला, तो त्याने उलटा धरला म्हणून मी त्याला हाकलून दिलं. पण विकणार हे नक्की.

मामा


२६ जानेवारी

मामा,

आईला फोन करून तुम्ही सांगितलंत की भाचीने मामाची दोरी करून त्याच्यावर कपडे वाळत घातले. आईने मला तासभर झापलं. मी ऐकून घेतलं, कारण खरं सांगितलं तर तुमची अब्रू जाते असं मला वाटत होतं. आता ऐका खरं.

तुमची चौकट वाजली नाही. ती फुटली. चौकट नाही, फळी फुटली. नोव्हेंबरच्या शेवटी बाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यात हवा कोरडी ठेवणारं यंत्र दिवसभर चालू असतं. सकाळी खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला होता आणि बाहेरच्या खोलीत कडाड करून आवाज झाला. पेशंट दचकून उठला, बाईंच्या हातातलं हत्यार खाली पडलं. मी धावत गेले. एका काठापासून चोचीच्या मुळाशी, तिथून मानेतून पार दुसऱ्या काठापर्यंत फळी तडकली होती. माझ्या खंड्याचं डोकं एका तुकड्यावर आणि धड दुसऱ्यावर. त्या मानेच्या पांढऱ्यावर मी आठवडा घालवला होता, मामा.

घरी आणून मागची बाजू उघडली. फळी सैल धरायला तुम्ही छोट्या पट्ट्या लावता, त्या नव्हत्याच. चारी बाजूंनी, खाचेत काठोकाठ, सरस भरला होता. गरम पाण्याची फडकी ठेवून ठेवून मी तो सोडवला तेव्हा कुठे चौकट निघाली. मला विश्वास बसेना. ज्या माणसाने ह्याच गोष्टीसाठी माझी बोटं फोडली, त्याने स्वतः ऐन दमट दिवसांत फुगलेली फळी चिकटवून टाकली!

बाईंना मी दुसरा खंड्या काढून दिला. हो, सोनेरी पट्टीत. तुमच्याकडे चौकट कशी मागणार होते? मागितली असती तर सगळं सांगावं लागलं असतं. आणि मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही विसरलात. वाटलं, मामा थकले, हातातलं गेलं, आता बोलून काय उपयोग? लिहिताना मलाच लाज वाटते, पण तेच वाटलं. तुम्हाला आवडत नसेल तर आणखी चिडा.

हातरुमालांचं म्हणाल, तर रिकामी चौकट भिंतीवर बघवत नव्हती. आ वासून माझ्याकडे बघत असायची. तिच्यावर काहीतरी टाकलं.

फळीचे दोन्ही तुकडे आणि चौकट पाठवते आहे. तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि एवढंच कळवा, तुम्ही विसरलात की मुद्दाम केलंत?

भाची


२८ फेब्रुवारी

चि. भाचीस,
आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. ह्या वेळी खोकला नव्हता. खोका समोर होता आणि उघडायचा धीर नव्हता. शेवटी मामीने उघडला, दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि भिंग माझ्या पुढ्यात सरकवलं.

विसरलो नाही. पहिलं हे वाच आणि मग पुढचं वाच. मी विसरलो नव्हतो.

सरस लावताना माझा हात म्हणत होता, नको. मी हाताला म्हटलं, गप्प बस. डोळ्यांसमोर सारखा तो बाक यायचा, गाल धरून हसणारी माणसं यायची आणि त्यांच्यात तू. मी मनात म्हणत होतो, घे, आता वाजतं का बघ. पट्ट्या कापून तयार होत्या, त्या खिडकीतून बाहेर फेकल्या. फळी फुटणार हे मला ठाऊक होतं. पण ते पुढे कधीतरी होणार होतं आणि राग त्या दिवशी होता. पार्सल गेल्यापासून मला घास गोड लागला नाही. डिसेंबरात विचारलं ना तुला, बाईंच्या खोलीत कोरडं असतं का म्हणून? सहज नव्हतं विचारलं.

तुझ्या पक्ष्याची मान मी मोडली. त्याची शिक्षा दे, मी नाही म्हणणार नाही.

पण माझा राग गेलेला नाही, तोही ऐकून घे. तू शिकत होतीस तेव्हा तुझा एकही वाईट सांधा मी असू दे म्हणून सोडला नाही. तू रडायचीस, मी तो उकलून परत करायला लावायचो, कारण मला ठाऊक होतं की तुला जमणार आहे. जमणार नसतं तर मी तुला पेपरमिंटची गोळी देऊन घरी पाठवलं असतं. मला तू गोळी देऊन घरी पाठवलंस. फळी फुटली त्याच दिवशी फोन करून ओरडली असतीस, मामा, हे काय करून ठेवलंत, तर मला अर्धं ऐकू आलं असतं तरी पुरलं असतं. तू ओरडली नाहीस. उन्हात बसा म्हणालीस. फळी मी फोडली, पण मला म्हातारा तू केलंस. ह्यात जास्त वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही आणि मी रोज ठरवत बसतो.

असो. आता कामाचं.

दोन्ही तुकडे नीट जुळवले. फट स्वच्छ होती, कडा झिजल्या नव्हत्या. तू पेटीत नीट भरलं होतंस, एवढं कबूल करतो. फटीत सरस घातला. तिथेच घातला, दुसरीकडे कुठे नाही. मागून डमरूच्या आकाराचे दोन छोटे लाकडी ठोकळे फटीवर आडवे बसवले, ते फट धरून ठेवतील. समोरून मानेवर केसाएवढी रेघ दिसते. ती झाकायची की ठेवायची ते तू ठरव, रंग तुझा.

चौकट तीच. खाच साफ करून पूर्वीसारखी मोकळी केली, मागे नव्या पट्ट्या लावल्या. आणि खाचेत सगळीकडून लोकरीची पातळ पट्टी बसवली, म्हणजे फळीला हलता येईल पण वाजणार नाही. हे मला जुलैमध्ये सुचायला हवं होतं, राग नसता तर सुचलं असतं. लोकर मामीच्या शालीची आहे. तिला न विचारता कापली, ते भांडण इकडे स्वतंत्र चालू आहे.

ही चौकट बाईंना देऊ नकोस. त्यांचा सोनेरी खंड्या त्यांना लखलाभ. बुलबुल मात्र काढून आण आणि इकडे पाठव, त्यालाही लोकर लावतो. त्यांना सांग, सैल दाताचा इलाज मामाने शोधलाय. ही चौकट तुझ्या घरात लाव, दाराजवळ. हत्यारं विकलेली नाहीत.

लावलीस की दार जोरात आपट. शेजारी आले तर येऊ देत. आणि मग बसून मला खरं काय ते लिही. वाजली तर वाजली म्हण, रेघ वाकडी दिसली तर वाकडी म्हण. शिव्या घाल. गोड एक अक्षर लिहू नकोस, मी ते पत्र परत पाठवीन.

आज पार्सल दिलंय. तोच माणूस होता, त्याने पुन्हा खोका उलटा धरला. मिळाल्याबरोबर लिही गं, वाट पाहतोय.

तुझा मामा